पहिली गाठ



१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. अंगावर जखमा नाहीत, सबब संमती होती, असा निष्कर्ष काढून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. चळवळीच्या रेट्याने १९८३ साली कायदा बदलला. नजर बदलली नाही. २०१३ साली हक्कभंग ठरलेली ‘दोन बोटांची’ तपासणी थांबेना, म्हणून २०२२ साली न्यायालयाला डॉक्टरांसाठी कार्यशाळा घेण्याचा आदेश द्यावा लागला.

पीडितेची पहिली गाठ न्यायाधीशाशी पडत नाही. ती हवालदाराशी, परिचारिकेशी, स्वयंसेविकेशी पडते. परवानगीवाचून स्पर्श करू नये, हकिगत पुनःपुन्हा वदवू नये, पुढचा निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा, हे त्यांना शिकवण्याची तरतूद सरकारने अंदाजपत्रकात केलीच पाहिजे.