वनांतील कर्बसंचय आणि आपली शाळा



कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली आरंभिलेला वनमहोत्सव आपण दरवर्षी साजरा करतो आणि लावलेल्या रोपांची संख्या वर कळवितो. त्यांतील जगली किती, हे क्वचितच कोणी विचारतो!

वृक्ष हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, शोषून घेतो व त्यातील कर्ब लाकडात साठवितो. वाळलेल्या लाकडाचे सुमारे निम्मे वजन कर्बाचेच असते. अशा १०० किलो लाकडात ५० किलो कर्ब. ते जळाले की सुमारे १८३ किलो कर्बवायू हवेत परततो. हे त्रैराशिक सातवीच्या वर्गात अवश्य घालावे. रोपट्यास तेवढा संचय करावयास वर्षानुवर्षे लागतात. म्हणून उभे अरण्य राखणे हे माझ्या मते रोपे लावण्याहून निकडीचे आहे.

राखणे म्हणजे कुलूप घालणे नव्हे. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील बांबू तोडून विकला जातो, तरी वन उभेच आहे.

खरी भीती वणव्याची. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात. ती आग पसरली की कोवळी रोपे करपतात आणि पाचोळ्यातील कर्ब मातीत मुरण्याऐवजी धुरावाटे जातो. ज्या घराची चूल मोहावर चालते, त्या पालकांस उपदेश करू नये. पाचोळा खराट्याने झाडूनही वेचणी होते, एवढे मुलांकरवी कळवावे. वेचणी मार्चात सुरू होते. तेव्हा हा पाठ फेब्रुवारीतच घ्यावा.