स्थलांतरित मूल आणि त्याची इयत्ता

तंजावरहून तिरुवैयारुकडे निघालेला प्रवासी जेमतेम तेरा किलोमीटरांच्या वाटेवर एकामागून एक पाच नद्या ओलांडतो. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. ‘ऐयारु’ म्हणजे पाच नद्या. त्यांवरूनच या गावाला नाव मिळाले, असे सांगतात. नद्यांप्रमाणे माणसेही येथे दुरून आली. आंध्रातून तेलुगू घराणी आली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांच्या मागोमाग मराठी कुटुंबे आली. ज्यांच्यामुळे हे गाव आज जगाला ठाऊक आहे ते त्यागराज तेलुगू घराण्यातले होते. १७६७ साली तिरुवारूर येथे जन्मलेले हे मूल लहानपणीच या गावी आले, येथेच शिकले, आणि १८४७ साली याच कावेरीच्या तीरावर विसावले.

मूल गाव बदलते तेव्हा त्याची विद्या कोठून पुढे चालू व्हावी, हा प्रश्न येथे नवीन नाही. नवीन आहे ती तो विचारण्याची रीत. आज परगावाहून आलेल्या मुलाला शाळेच्या दारात पहिला प्रश्न होतो : “कितवीत होतास?” त्याचे उत्तर मुलाच्या तोंडून कोणी घेत नाही, ते दाखल्यात पाहिले जाते. दाखला नसेल, किंवा तो परक्या लिपीत असेल, तर मूल सोयीस्करपणे एक-दोन इयत्ता खाली बसवले जाते. या निर्णयाला पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु त्याचे परिणाम मुलाला वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

इयत्ता ही कल्पना आपण समजतो तितकी पुरातन नाही. तमिळ प्रदेशातील जुनी शाळा ‘तिण्णै’वर, म्हणजे घराच्या ओसरीवर, भरत असे. मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत, पुढे ताडपत्रावर लिहू लागत. मूल वर्षाच्या कोणत्याही महिन्यात येई आणि त्याला जेवढे येत असे तेथून त्याचा पाठ सुरू होई. मद्रासचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांनी १८२२ साली या शाळांची पाहणी करविली, तेव्हा मद्रास इलाख्यात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी असल्याचे आढळले. मात्र त्या काळाचे गोडवे गाताना एक आकडा विसरून चालणार नाही : या विद्यार्थ्यांत मुली अवघ्या ४,५४० होत्या, आणि समाजातील कित्येक जातींच्या मुलांना ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. जी मुले आत होती त्यांच्यापुरती मात्र ही व्यवस्था लवचीक होती.

याच वाळूवरच्या लेखनाने अँड्र्यू बेल या पाद्र्याचे लक्ष वेधले. मद्रासच्या अनाथाश्रमाच्या शाळेची व्यवस्था १७८९ पासून त्यांच्याकडे होती. पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवावे, आणि तयारी झाली की मुलाला वरच्या वर्गात न्यावे, ही त्यांची ‘मद्रास पद्धती’ पुढे इंग्लंडात पोहोचली. या पद्धतीतही वर्ग ठरे तो मुलाच्या प्रगतीवर, वर्षावर नव्हे. जून ते एप्रिल अशी एकसंध पायरी, तिच्या शेवटी परीक्षा आणि परीक्षेनंतर बढती, ही रचना सरकारी शिक्षणखात्यांच्या विस्ताराबरोबर सर्वत्र रूढ झाली. लाखो मुलांना शिकवायचे तर तिला पर्याय नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. तथापि जी पायरी व्यवस्थेच्या सोयीसाठी घडविली, तीच पुढे मुलाच्या बुद्धीचे माप मानली जाऊ लागली, आणि येथेच घोटाळा झाला.

या संदर्भात तंजावरच्याच राजवाड्यातले एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १७७७ साली जन्मलेल्या सरफोजीला तुळजाराजांनी १७८७ साली दत्तक घेतले. राजांच्या मृत्यूनंतर अमरसिंहाकडे सत्ता गेली आणि या मुलाच्या शिक्षणाची हेळसांड झाली. ज्या वयात राजपुत्राने ग्रंथ वाचावेत त्या वयात तो बंदिवासासारखे जीवन कंठीत होता. अखेर श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या खटपटीने त्याला १७९३ साली मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण मार्गी लागले. तेव्हा त्याचे वय सोळाच्या आसपास होते. आजच्या भाषेत बोलायचे तर शाळा बुडालेला, गाव बदललेला, वयाच्या मानाने मागे राहिलेला असा हा विद्यार्थी. त्याला लहान मुलांच्या रांगेत बसविले गेले नाही. वयाला साजेल अशा रीतीने त्याची उणीव भरून काढण्यात आली. १७९८ साली तो गादीवर आला. सरस्वती महाल ग्रंथालयाचा जो विस्तार त्याने केला, आणि ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात प्रवाशांच्या अन्नाबरोबर मुलांच्या विद्येचीही जी सोय लावली, ती सर्वांना परिचित आहे. राजपुत्राला जे मिळाले ते सामान्य मुलाला कसे मिळावे, एवढाच प्रश्न उरतो.

सामान्य मुलांच्या वाट्याला काय आले हे विसाव्या शतकाने दाखविले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार सिलोनच्या चहामळ्यांतील सव्वापाच लाख भारतीय वंशाच्या लोकांना भारताने स्वीकारावयाचे होते. त्याच सुमारास ब्रह्मदेशातूनही कुटुंबे मोठ्या संख्येने परतत होती. या मुलांची भाषा तमिळच होती, तरीही त्यांची इयत्ता ठरविणे सोपे नव्हते. सिलोनमधील शालेय वर्ष परंपरेने जानेवारीत सुरू होई, येथले जूनमध्ये. जानेवारीत पाचवीत बसलेली मुलगी एप्रिलमध्ये रामेश्वरजवळच्या मंडपम छावणीत उतरली, तर जूनमध्ये तिने पुन्हा पाचवीतच बसावे, की पाचवी पुरी न करता सहावीत जावे? दोन्ही उत्तरांत तिचे काही ना काही हुकणार. ज्या शाळेने तिला सहावीत घेऊन राहिलेला भाग दोन-तीन महिन्यांत शिकविला, तिने मुलीचे वर्ष वाचविले. जिने पाचवीत बसविले, तिने फक्त आपली नोंदवही नीटनेटकी ठेवली.

देशातल्या देशातही असेच घडत आले. कोठारी आयोगाने १९६६ साली दहा अधिक दोन वर्षांच्या आकृतिबंधाची शिफारस केली. परंतु राज्यांनी तो आपापल्या सवडीने स्वीकारला. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, तमिळनाडूत उच्च माध्यमिक वर्ग १९७८ मध्ये सुरू झाले. मधल्या वर्षांत महाराष्ट्रातून इकडे आलेल्या मुलाची ‘दहावी’ आणि येथली ‘दहावी’ यांत केवळ नावाचे साम्य होते. केंद्र सरकारच्या बदलीपात्र नोकरांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली आणि त्या वर्गाचा प्रश्न बराचसा सुटला. ज्यांची बदली सरकार करीत नाही, पोट करते, त्यांच्यासाठी अशी सोय झाली नाही.

अशांत सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक येतात. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा हा धंदा त्यांना देशभर घेऊन गेला. तमिळनाडूतील अनेक गावांच्या सराफकट्ट्यांजवळ त्यांच्या भट्ट्या आहेत. मुलांना गावी आजी-आजोबांकडे ठेवावे की बरोबर आणावे, ही त्यांची जुनी विवंचना. मराठी चौथी पुरी केलेले मूल तमिळ शाळेत आले की त्याच्यापुढे अगदी निराळी लिपी येते. मराठीत क, ख, ग, घ ही चार अक्षरे. तमिळमध्ये त्या सर्वांसाठी एकच. उच्चार शब्दातील जागेवरून ओळखावयाचा. संख्यावाचनातही फरक आहे. मराठी मूल ‘एकोणतीस’ म्हणते, म्हणजे तिसाला एक उणा. तमिळ मूल ‘वीस आणि नऊ’ असे सरळ म्हणते. देवनागरी अंकांत बेरीज-वजाबाकी शिकलेल्या मुलाला फळ्यावरचे अंकही क्षणभर परके वाटतात. असे मूल गणिताच्या तासाला गप्प बसले तर शिक्षकाने काय समजावे? त्याला गणित येत नाही असे समजणे सोपे असते. वस्तुतः त्याला गणित येते, पण प्रश्न कळत नाही.

म्हणून इयत्ता ठरविताना तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत : मुलाचे वय, त्याचे विषयज्ञान आणि नव्या भाषेची त्याची ओळख. या तिन्हींची एकच बेरीज करून मुलाला खाली ढकलणे हा अन्याय होय. वयावरून वर्ग ठरावा. ज्ञानातील उणीव जादा तासांनी भरावी. आणि भाषा तर समवयस्कांतच लवकर येते. बारा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलांत बसली, तर ती तमिळ शिकण्याआधी शरमेने मान खाली घालायला शिकेल, आणि थोड्याच दिवसांत शाळाही सोडील.

कायद्यानेही हेच तत्त्व मान्य केले आहे. २००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमान्वये, सहा वर्षांवरील शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असून, इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. पाचव्या कलमाप्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून दुसऱ्या शाळेतील प्रवेश अडवता येत नाही. चौदाव्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. परंतु हा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत आणि आठवीपर्यंत पोहोचतो. नववीच्या उंबरठ्यावर पुन्हा कागदाचे राज्य सुरू होते. शिवाय तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने तमिळ हा विषय पहिलीपासून दहावीपर्यंत टप्प्याटप्प्याने अनिवार्य केला आहे. राज्याची भाषा तेथे राहणाऱ्या प्रत्येक मुलाला यावी, हे योग्यच. पण नववीत आलेल्या परप्रांतीय मुलाला दहा वर्षांचा भाषाभ्यास दोन वर्षांत करावा लागतो, याची आठवण शाळेने ठेवली पाहिजे. अशा वेळी आईवडील आणि मूल स्वतः एक वर्ष मागे बसू इच्छीत असतील, तर त्यात कमीपणा नाही. निर्णय त्यांचा असावा, कारकुनाचा नसावा.

पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने हे कसे करावे, हा आक्षेप खोटा नाही. त्याला उत्तर लहान लहान उपायांचेच आहे. पहिल्या आठवड्यात मुलाची परीक्षा घेऊ नये; त्याला त्याच्या भाषेत वाचू द्यावे. शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी मूल अडखळते की सलग वाचते, हे कानाला समजते. गणित शब्दांत न देता अंकांत द्यावे, आणि उत्तर कोणत्याही अंकांत लिहू द्यावे. वर्गातील एखाद्या समंजस मुलाशेजारी त्याला बसवावे. बेल यांना ही युक्ती मद्रासमध्येच सुचली होती. तीन महिन्यांनी सर्व शिक्षकांनी मिळून पुन्हा विचार करावा आणि पहिला निर्णय चुकला असल्यास तो निःसंकोच बदलावा.

बाहेरून आलेल्यांना आपल्या पंगतीला बसवून या भूमीने त्यांच्याकडून संगीत घेतले, ग्रंथ घेतले, आणि त्यांना आपली भाषा दिली. शाळेची इयत्ता ही अशीच एक पंगत आहे. नव्याने आलेल्या मुलाला तिच्यात त्याच्या बरोबरीच्यांशेजारी जागा मिळावी. वाढण्याचे काम त्यानंतरचे.