खाटांची नोंदणी

तालुक्याच्या गावी एखाद्या संस्थेने दहा खाटांचे रुग्णालय काढायचे ठरवले, की डॉक्टर मिळायच्या आधी फाईल जाड होऊ लागते. कायदा १९४९चा. पूर्वी नावात मुंबई होते, आता तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे. त्याचे नियम २०२१ साली सुधारले गेले.

अर्ज भरणे अवघड नाही, गाडी अडते ती जोडपत्रांपाशी. अग्निशमनाचा नाहरकत दाखला मागायला जावे, तर इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र विचारतात. बाजारपेठेतल्या जुन्या घराला ते कुठून असणार? शिवाय घर निवासी. आधी वापर बदलून घ्या म्हणतात. म्हणजे आणखी एक खाते, आणखी एक आवक क्रमांक. तेवढ्यात आरोग्य खात्याचे त्रुटीचे पत्र येते. ती त्रुटी पुरी केली की दुसरी निघते, मग तिसरी. हे मला पटत नाही. सगळ्या त्रुटी पहिल्याच पत्रात का लिहू नयेत? त्याला नवा कायदा लागत नाही, फाईल एकदा शेवटपर्यंत वाचावी लागते.

दाखलेच नकोत, असे मात्र माझे म्हणणे नाही. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ते तर सरकारी रुग्णालय. राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. पण तपासणीला आलेल्या साहेबांनी चहाआधी जिना चढून पाहिला पाहिजे. जिन्यात मोडक्या खाटा, सलाइनचे खोके रचलेले असतात. भिंतीवरच्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे फाईलमध्ये दिसत नाही.

आता गंमत बघा. खाट नसलेल्या दवाखान्याला ही नोंदणी लागतच नाही. डॉक्टरांची स्वतःची नोंदणी हवी, आणि सुया-पट्ट्यांच्या कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र हवे, तेही एकदाच. एका डॉक्टरचा दवाखानासुद्धा नोंदवणारा केंद्राचा कायदा २०१०चा आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे गावोगावच्या दवाखान्यांवर शुश्रूषागृहासारखी देखरेख नाही, आणि सगळा कागदी भार दहा खाटांच्या संस्थेवर.

नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. ते तिसऱ्या वर्षीच्या ३१ मार्चला संपते. रुग्णाला भेटायला जाल तेव्हा तेवढी तारीख वाचा. नव्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही तिथेच लावलेली असायला हवी. नसेल तर काउंटरवर विचारा.