नोंदवही आणि नकाशा



ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची नोंदवही आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. नाव, तारीख, ठिकाण, ओळीखाली ओळ. पानं उलटीत बसलं तरी फारसं काही हाती लागत नाही. तीच ठिकाणं नकाशावर मांडली तर काय दिसतं, याची एक जुनी हकीकत आज सांगतो.

१८५४ सालच्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकी उसळली. थोड्याच दिवसांत सहाशेंच्या आसपास माणसं दगावली. पटकी घाणेरड्या हवेनं होते, असंच त्या वेळचे बहुतेक जाणते धरून चालले होते. जॉन स्नो या डॉक्टरांचा संशय मात्र पाण्यावर होता. त्यांनी सरकारी नोंदणी कचेरीतून मृतांची यादी मिळवली आणि घरोघर चौकशी केली. पुढे नकाशा काढला. जितके मृत्यू, तितक्या काळ्या रेघा त्या त्या घरापुढे. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाभोवती!

मला विचाराल तर, दाटीपेक्षा तिच्यातल्या मोकळ्या जागा अधिक बोलक्या आहेत. जवळच गरिबांना ठेवण्याचं कामघर होतं. तिथे माणसं ५३५. दगावली अवघी ५. त्यांची विहीर निराळी होती. बिअरच्या भट्टीत सत्तरांवर कामगार, त्यांतला एकही पटकीनं मेला नाही. त्यांना प्यायला बिअरच मिळे. पंपाकडे ते फिरकत नसत. हवा तर सगळ्यांना एकच होती!

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. नकाशामुळे साथ थांबली असं सांगतात, ते काही खरं नव्हे. नकाशा नंतरचा, शिवाय साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्नोंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. नकाशानं एवढंच केलं की, एकाच्या मनातला संशय दुसऱ्याला डोळ्यांनी दिसू लागला.

तरी सगळ्यांना पटलं नाही. तिथले पाद्री हेन्री व्हाइटहेड तर स्नोंचं म्हणणं खोडायलाच निघाले. हिंडता हिंडता ते ४० नंबरच्या घरी पोचले. तिथलं तान्हं मूल साथीच्या आधीच आजारी पडलं होतं आणि दुपटी धुतलेलं पाणी आईनं मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिलं, तर खड्डा झिरपत होता आणि पंपाची विहीर तीन फुटांच्या आत!

शिक्षक बंधुभगिनींनो, आज हे काम संगणक करतो. भारत सरकारनंही २०१२ साली आकडेवारीचं खुलं संकेतस्थळ सुरू केलं. पण वर्गात सुरुवातीला कागद-पेन्सिल पुरे. गावाचा नकाशा काढा, विहिरी नि हातपंप दाखवा, पावसाळ्यातल्या हगवणीचे ठिपके द्या. नावं घालू नका, घरही दाखवू नका, गल्ली पुरे. वस्ती दाट तिथे ठिपके दाट पडणारच, तेव्हा गल्लीत माणसं किती, हेही लिहा. आणि ठिपक्यांच्या गर्दीत एखादी गल्ली कोरी राहिली, तर मुलांना घेऊन तिथे जा आणि विचारा, “बाई, तुम्ही पाणी कुठून भरता?”