चेंडू घेऊन धांवूं नये

ख्रिस्ती धर्मग्रंथांत खेळाचा दृष्टांत नवा नाहीं. पहिल्या शतकाच्या मध्यास प्रेषित पौलानें करिंथ शहरांतील ख्रिस्ती मंडळीस जें पत्र लिहिलें, त्यांत धांवण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा उल्लेख आलेला आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनीं इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे. तेथील विजेत्याच्या मस्तकावर पाल्याचा मुकुट ठेवीत. थोड्याच दिवसांत तो सुकून जाई. असल्या मुकुटासाठीं मनुष्य एवढें कडक संयमन पाळतो, तर न सुकणाऱ्या मुकुटासाठीं त्यानें किती पाळावें, असा पौलाच्या म्हणण्याचा आशय आहे. दृष्टांत समर्पक खरा. परंतु त्यांत एक उणें राहतें. शर्यतींत जिंकणारा एकच. शेजारून धांवणारा सोबती नव्हे, प्रतिस्पर्धी. त्याचा पाय मुरगळला तर आपली वाट मोकळी!

आत्मिक उन्नतीचें हें पुरें चित्र नव्हे, हें पौलाला कळत होतें असें दिसतें. कारण त्याच पत्रांत थोडें पुढें तो शर्यत सोडून देतो आणि देहाचा दृष्टांत घेतो. अवयव निरनिराळे, देह एक. एकाचें दुखणें तें सर्वांचें दुखणें. फिलिप्पै येथील मंडळीस लिहितांना तर त्यानें खेळाडूच्या झुंजण्याचें ग्रीक क्रियापद घेऊन त्यास ‘सह’ या अर्थाचा उपसर्ग जोडला आहे. झुंजावयाचें तें सोबतीनें. शब्द मिळाला, परंतु त्या शब्दाला शोभेल असा खेळ त्या महोत्सवांत नव्हता. तेथें बक्षीस मिळे तें एकट्याला.

असा एक खेळ पुढें १८९१ सालीं निघाला, आणि तो काढणारा मनुष्य धर्मशास्त्र शिकलेला होता. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलची ही हकीगत आहे.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत १८६१ सालीं झाला. नऊ वर्षांचे असतांनाच विषमज्वरानें आईबाप गेले व मामाच्या घरीं ते वाढले. मध्यंतरीं शाळा सोडून कांहीं वर्षें त्यांनीं जंगलांत लांकूडतोडीचें काम केलें, मग पुन्हां पुस्तकें हातीं धरलीं. मॉन्ट्रीऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठाची पदवी १८८७ सालीं घेऊन ते पाळक होण्याच्या हेतूनें तेथीलच प्रेस्बिटेरियन कॉलेजांत दाखल झाले. अभ्यास चाले आणि फुटबॉलहि चाले. सहाध्यायांना हें रुचेना. मैदान हें सैतानाचें ठिकाण, अशी त्या काळीं पुष्कळ भाविकांची समजूत होती. नेस्मिथ यांच्या आत्म्यासाठीं त्यांच्या मित्रांनीं प्रार्थनाहि केली म्हणतात.

एके दिवशीं सामना ऐन रंगांत असतांना नेस्मिथ यांच्या शेजारच्या गड्याचा तोल सुटला व त्याच्या तोंडून शिव्यांचा भडिमार सुरू झाला. तो एकाएकीं थांबला, नेस्मिथ यांच्याकडे वळला आणि ‘तूं येथें आहेस हें विसरलोंच’ अशा अर्थाचें कांहीं बोलून त्यानें क्षमा मागितली. गंमत अशी कीं, शिव्या देऊं नयेत असें नेस्मिथ यांनीं त्याला कधींहि सांगितलेलें नव्हतें. उपदेशाचा एक शब्दहि न बोलतां केवळ सोबत खेळल्यानें दुसऱ्याच्या जिभेला लगाम बसतो, ही गोष्ट त्यांच्या मनांत घर करून राहिली. व्यासपीठावरून जें काम होतें, तें मैदानावरूनहि होऊं शकेल कीं काय? धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करून, परंतु पाळकाची दीक्षा न घेतां, १८९० सालीं ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षकवर्गांत दाखल झाले. त्यांच्या बहिणीस हें मुळींच पसंत पडलें नाहीं. नांगराला हात घालून भाऊ मागें फिरला, असें ती मानीत असे, आणि अखेरपर्यंत तिनें त्यांना या गोष्टीची क्षमा केली नाहीं. तिचा हा कठोरपणा हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. धर्मकार्य तें कोणतें आणि करमणूक ती कोणती, हा वाद त्या घरापुरता नव्हता.

स्प्रिंगफील्ड येथें ल्यूथर ग्यूलिक हे त्यांचे वरिष्ठ. शरीर, बुद्धि आणि आत्मा या तिहींचा समतोल विकास व्हावा, असा त्यांचा आग्रह. या संस्थेचें त्रिकोणाचें चिन्ह त्यांच्याच कल्पनेंतून आलें. १८९१ च्या हिवाळ्यांत त्यांनीं नेस्मिथ यांच्या गळ्यांत एक वर्ग घातला. अठरा प्रौढ विद्यार्थी, कवाइतीस कंटाळलेले. दोन शिक्षक आधींच हात टेकून बसलेले. बाहेर बर्फ. व्यायामशाळेच्या चार भिंतींच्या आंत खेळतां येईल असा खेळ दोन आठवड्यांत काढा, असा हुकूम झाला. नेस्मिथ यांनीं प्रथम मैदानी खेळच आंत आणून पाहिले. फुटबॉलनें खिडक्यांचीं तावदानें धोक्यांत आलीं. लॅक्रॉसच्या काठ्यांनीं हातांतोंडास इजा झाली. मुदत संपत आली.

शेवटीं त्यांनीं जो विचार केला, तो या सर्व हकिगतीचा गाभा आहे. फुटबॉलमध्यें गडी एकमेकांना पाडतात, तें कां? चेंडू घेतलेला गडी धांवत सुटतो म्हणून. त्याला अडवावयाचें तर पाडण्यावांचून गत्यंतर नाहीं. मग चेंडू हातीं आल्यावर धांवण्यासच मनाई केली तर? पाडण्याचें कारणच उरणार नाहीं. हिंसेला शिक्षा ठेवण्याऐवजीं हिंसेचें मूळ शोधून तेंच काढून टाकण्याचा हा प्रकार होता. दुसरा विचार गोलाविषयीं. गोल जमिनीसरसा असला कीं चेंडू जोरानें मारावासा वाटतो. तोच डोक्याच्या वर आणि आडवा ठेवला तर चेंडू वळणानें, अलगद सोडावा लागेल. तेथें बळाचें कांहीं चालणार नाहीं. चौकोनी पेट्या हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहींत; शिपायानें पीच फळांच्या दोन करंड्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. उंची भरली १० फूट, आणि ती आजतागायत तशीच आहे.

तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले आणि त्या वर्षींच्या डिसेंबर महिन्यांत नऊ नऊ गड्यांचे दोन संघ समोरासमोर उभे राहिले. त्या सामन्यांत एकच गोल झाला. वर्गांतील अग्रगण्य दंगेखोर फ्रँक मॅहन, हा नॉर्थ कॅरोलायनाचा राहणारा, पुढें म्हणूं लागला कीं, या खेळाला नेस्मिथ यांचेंच नांव द्यावें. नेस्मिथ हंसले, तेव्हां करंडी आणि चेंडू यांवरून त्यानेंच आजचें नांव सुचविलें.

हे तेरा नियम धर्मशास्त्र शिकलेल्या मनुष्यानें लिहिले आहेत, हें ध्यानांत ठेवून वाचण्याजोगे आहेत. त्यांत देवाचें नांव कोठेंहि नाहीं. परंतु तिसरा नियम पाहावा. चेंडू जेथें हातीं आला तेथूनच तो दुसऱ्याकडे फेंकावयाचा. फार वेगांत असलेल्या गड्यास थांबण्यापुरती सवलत. म्हणजे ज्याच्या हातीं चेंडू, तोच सर्वांत बांधलेला! ज्यांच्या हातीं नाहीं ते मोकळे. त्यांनीं धांवावें, जागा करून द्यावी, हात पुढें करावा. ख्रिस्ती मंडळींत ज्याला विद्या, वक्तृत्व, द्रव्य किंवा अधिकार लाभला, त्याची स्थिति पौलाच्या शिकवणीप्रमाणें अशीच असते. लाभलेलें दान सर्वांच्या हितासाठीं आहे. तें बगलेंत मारून एकट्यानें स्वर्गाच्या दाराशीं पोहोंचूं पाहणें हा नियमभंग होय. एकांतांतील प्रार्थना, उपवास, चिंतन यांची योग्यता यानें कमी होत नाहीं. चेंडू झेलावयास स्वतःचे हात कणखर लागतातच. परंतु झेलणें हा अर्धाच खेळ झाला.

सातवा नियम याहून विलक्षण आहे. एका पक्षाकडून लागोपाठ तीन नियमभंग झाले, आणि मध्यंतरीं प्रतिपक्षाकडून एकहि झाला नाहीं, तर प्रतिपक्षास एक गोल बहाल करावा. तीन अपराध तीन निरनिराळ्या गड्यांचे असोत. दंड मात्र सर्वांचा. ‘मीं कोठें धक्का मारला?’ असें म्हणून कोणास सुटतां येत नाहीं. एका अवयवाचें दुखणें सर्व देहाचें कसें होतें, हें वर्गांतल्या मुलांस समजावून सांगणें कठीण. हा नियम तें दहा मिनिटांत समजावून देई. कालांतरानें तो नियम बदलला, ही गोष्ट वेगळी. शिवाय त्या नियमांत पंच दोन होते. एकानें चेंडूवर नजर ठेवावी, दुसऱ्यानें माणसांवर. गोल किती झाले हें पाहणारा निराळा आणि गडी कसे वागले हें पाहणारा निराळा, ही विभागणी पुष्कळ धर्मसंस्थांनीं आणि शाळांनींहि घेण्यासारखी होती!

तथापि येथें एक सावधगिरी अवश्य आहे. मैदानावर घाम गाळला कीं चारित्र्य आपोआप घडतें, हा समज एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतून निघाला आणि शाळाशाळांतून पसरला. तो भाबडा आहे, आणि याचा पुरावा याच खेळाच्या इतिहासांत मिळतो. दांडगाई टाळण्यासाठीं निघालेला हा खेळ पांच वर्षांच्या आंत इतका दांडगा झाला कीं, असोसिएशनच्या कांहीं शाखांनीं आपल्या व्यायामशाळांतून तो बंद केला. ट्रेंटन येथील संघ त्या दारांबाहेर पडला आणि १८९६ सालीं प्रेक्षकांकडून पैसे घेऊन खेळूं लागला. धंदेवाईक बास्केटबॉलचा आरंभ सामान्यतः तेथून मोजतात. नियम तेच होते. मन तेंच राहिलें नव्हतें. नियमशास्त्र वाईटाला वेसण घालतें, परंतु प्रीति उत्पन्न करूं शकत नाहीं, हें पौलानें रोमकरांस व गलतीकरांस परोपरीनें सांगितलें आहे. सोबत्याकडे चेंडू टाकणें नियमानें भाग पाडतां येतें. तो सोबत्याला झेलतां यावा अशा बेतानें टाकणें भाग पाडतां येत नाहीं.

असोसिएशनच्या द्वारें खेळ देशोदेशीं गेला. भारतांत मद्रास येथें १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं त्याच संस्थेचें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें व तेथून व्यायामशिक्षक तयार होऊं लागले. नेस्मिथ स्वतः १८९८ सालीं कॅन्सस विद्यापीठांत गेले. तेथें प्रार्थनामंदिर आणि व्यायामशाळा अशीं दोन्ही कामें त्यांच्याकडे होतीं. खेळापासून त्यांनीं धन मिळविलें नाहीं. पुढें त्यांनीं पाळकाची दीक्षाहि घेतली. १९१६ सालीं मेक्सिकोच्या सरहद्दीवर सैनिकांचे धर्मोपदेशक म्हणून ते गेले. त्यांच्या संघाचे पराभव मात्र विजयांपेक्षां अधिक झाले!

त्यांच्या उतारवयांत, १९३३ च्या सुमारास, जॉन मॅक्‌लेंडन नांवाचा एक कृष्णवर्णीय तरुण खेळाचा शिक्षक होण्यासाठीं कॅन्सस येथें आला. विद्यापीठाच्या संघांत त्या वेळीं कृष्णवर्णीयांस थारा नव्हता. ज्या खेळांत चेंडू सोबत्याकडे टाकल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं, त्याच खेळांत कांहीं सोबत्यांना मैदानावरच येऊं द्यावयाचें नाहीं, असा हा प्रकार. त्या भागांतील चर्चांतूनहि बव्हंशीं तीच रीत होती. नेस्मिथ यांना ती मोडतां आली नाहीं. परंतु त्या तरुणाचे ते मार्गदर्शक झाले, पोहण्याच्या तलावावरून त्याला अडविण्यांत आलें तेव्हां त्याच्या पाठीशीं उभे राहिले, आणि जें ठाऊक होतें तें सर्व त्याला दिलें. १९३९ च्या नोव्हेंबरांत नेस्मिथ वारले.

मॅक्‌लेंडन नॉर्थ कॅरोलायनांत डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत शिक्षक झाले. त्याच शहरांत ड्यूक विद्यापीठ, केवळ गौरवर्णीयांचें. दोन्हीकडच्या मोजक्या विद्यार्थ्यांच्या प्रार्थनासभा लपूनछपून होत. तेथें सामन्याची गोष्ट निघाली. दोन वर्णांच्या संघांनीं एकत्र खेळणें तेथें कायद्यानें व रूढीनें निषिद्ध होतें. पकडले गेले तर तुरुंग, आणि जमावाच्या हातीं सांपडले तर त्याहून वाईट. दिवस ठरला १९४४ च्या मार्चची १२ तारीख, रविवार, सकाळ. ही वेळ निवडण्याचें कारण असें कीं, त्या वेळीं शहरांतील बहुतेक लोक आणि पोलिसहि चर्चमध्यें उपासनेस बसलेले असत.

ड्यूकच्या वैद्यकीय शाळेचा संघ आडवाटेनें मोटारींतून आला. व्यायामशाळेचीं दारें आंतून बंद करण्यांत आलीं. आरंभीं दोन्हीकडचे गडी इतके बावरलेले होते कीं सोपे चेंडूहि हातांतून निसटत. मग खेळ बसला. मॅक्‌लेंडन यांच्या संघानें ८८ विरुद्ध ४४ गुणांनीं सामना जिंकला. वर्तमानपत्रांत एक ओळहि आली नाहीं. ही हकीगत सर्वत्र प्रसिद्ध झाली ती १९९६ सालीं.

सामना संपल्यावर गडी घरीं गेले नाहींत. थोडा विसावा घेऊन त्यांनीं संघ मोडले, गोरे व काळे गडी मिसळून दोन नवे संघ केले, आणि दारें बंद ठेवूनच ते पुन्हां खेळावयास उभे राहिले.