अंतर्गत परीक्षण : कागदावरचे आणि कारखान्यातले

(वाळूज औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक व पर्यवेक्षक यांच्यापुढे दिलेले भाषण)



१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूज येथे सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग येथे उभी राहिली. शेतकऱ्यांची मुले लेथ आणि प्रेस चालवू लागली. आज वाळूजचा माल परदेशीही जातो. ज्याच्या हाती तो पडतो, त्याने आपला कारखाना कधी पाहिलेला नसतो. त्याचा विश्वास आपल्या मालावर आणि त्या मालामागच्या नोंदींवर असतो. म्हणून आज अंतर्गत परीक्षणाविषयी, म्हणजे आपण ज्याला 'इंटर्नल ऑडिट' म्हणतो त्याविषयी, आणि त्यासाठी वापरावयाच्या संगणक प्रणालीविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

लेखापरीक्षेत पैशाचा हिशेब तपासला जातो. गुणवत्तेच्या परीक्षणात आपण आपल्याच शब्दाचा हिशेब तपासतो. कार्यपद्धती म्हणून जे आपण लिहून दिले आहे, तसे प्रत्यक्षात घडते काय, आणि घडत असल्यास त्यातून अपेक्षित परिणाम साधतो काय, हे पाहणे एवढाच त्याचा हेतू. आयएसओ ९००१ हे मानक प्रथम १९८७ मध्ये आले. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत ठराविक कालांतराने असे परीक्षण करावे, त्याचा कार्यक्रम आखावा, परीक्षक निःपक्षपाती असावा आणि निष्कर्षांचा पुरावा जपून ठेवावा, असे सांगितले आहे. वाहन उद्योगासाठी २०१६ मध्ये आलेले आयएटीएफ १६९४९ आणखी पुढे जाते. प्रत्येक उत्पादन प्रक्रियेचे परीक्षण ती ज्या ज्या पाळीत चालते त्या सर्व पाळ्यांत व्हावे, पाळी बदलताना होणारी कामाची देवघेवही पाहिली जावी, असे त्यात म्हटले आहे. रात्रपाळीत परीक्षणासाठी आपल्यापैकी कितीजण गेले आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे.

आता वस्तुस्थिती पाहू. बाहेरचे परीक्षक येणार असे कळले की आठ दिवस आधी धावपळ सुरू होते. सहा महिन्यांची नोंदवही एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. 'एनसी', म्हणजे विसंगती, एकही नाही, असा अहवाल तयार होतो आणि सर्वांना हायसे वाटते. वस्तुतः, वर्षभरात एकही उणीव सापडली नाही, तर कारखान्यापेक्षा परीक्षणच तपासून घेतले पाहिजे!

या सवयीची किंमत किती मोठी असते, हे वाळूजने पाहिले आहे. २०१३ मध्ये येथील एका औषधनिर्मिती कारखान्याच्या उत्पादनांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयातबंदी लागू केली. त्यांच्या निरीक्षकांना टाकाऊ कागदांच्या जागी फाडून टाकलेल्या अनधिकृत बॅच-नोंदी आढळल्या होत्या. नोंद खोटी ठरली की माल चांगला आहे हे सांगण्याचे साधनच हातून जाते.

अशा ठिकाणी संगणक प्रणालीचा खरा उपयोग आहे. ती वर्षाचा कार्यक्रम ठेवते व तारीख जवळ आली की आठवण देते. प्रश्नावली मोबाइलवर मिळते, यंत्राचे छायाचित्र तेथल्या तेथे जोडता येते. प्रत्येक नोंदीवर वेळ व करणाऱ्याचे नाव उमटते. नंतर बदल केला तर जुनी नोंद पुसली न जाता बदलाचा माग राहतो. अर्थात प्रणाली निवडताना ही सोय तिच्यात आहे ना, हे पाहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सापडलेली विसंगती एका जबाबदार व्यक्तीच्या नावे लागते. मूळ कारण, योजलेला उपाय आणि त्या उपायाची फेरतपासणी झाल्यावाचून ती मिटविता येणार नाही, असे बंधन प्रणालीत घालता येते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, परीक्षणात एक मायक्रोमीटर कॅलिब्रेशनची मुदत उलटलेला आढळला. तो कॅलिब्रेशनला पाठविला आणि विसंगती मिटविली, असे बहुधा होते. हे अपुरे आहे. तो सदोष निघाला तर त्या काळात त्याने कोणते जॉब मोजले, ते कोठे गेले, ग्राहकाला कळविणे आवश्यक आहे काय, हे पुढचे प्रश्न आहेत. मुदत का उलटली, इतर गेजांचीही तीच गत आहे काय, हा त्याहून मूळचा प्रश्न. चांगली प्रणाली या प्रश्नांसाठी रकाने ठेवील. उत्तरे मात्र माणसानेच शोधावयाची आहेत. 'कामगाराचे दुर्लक्ष' एवढे लिहून रकाना भरला, तर वहीतील खोटेपणा पडद्यावर आला एवढेच.

ज्यांच्याकडे वीस-पंचवीस माणसे आहेत, ते म्हणतील, हे आम्हांला परवडणार कसे? मानकाने संगणक प्रणाली सक्तीची केलेली नाही. आरंभी संगणकावरील साध्या तक्त्यात विसंगती, जबाबदार व्यक्ती, मुदत आणि फेरतपासणी असे चार रकाने नेमाने भरले तरी पुष्कळ साधेल. तो तक्ता अपुरा पडू लागला की प्रणाली घ्यावी. केंद्र शासनाच्या झेड प्रमाणन योजनेच्या २०२२ मधील सुधारित स्वरूपात प्रमाणनाच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघुउद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांची माहिती घेऊन लघुउद्योजकांनी त्यांचा लाभ घ्यावा.

तीन गोष्टी मात्र पाळाव्यात. एक, कोणीही आपल्याच कामाचे परीक्षण करू नये. प्रेसशॉपच्या माणसाने भांडार पाहावे, भांडारच्या माणसाने प्रेसशॉप. दोन, प्रश्नावली मराठीत असावी. ज्याला प्रश्न कळत नाही तो 'होय' म्हणून मोकळा होतो. तीन, उणीव दाखविणाऱ्यावर रोष धरू नये. ज्या कारखान्यात विसंगती सांगणाऱ्याला बोलणी खावी लागतात, तेथे पुढच्या खेपेस कोणी काही सांगत नाही, आणि मग ती उणीव ग्राहकच सांगतो.

मित्रहो, आपल्या भागात विहिरीला पाणी किती, हे उन्हाळ्याआधीच वाकून पाहण्याची रीत आहे. पाणी कमी दिसले म्हणून कोणी पाहणाऱ्याला दोष देत नाही. पेरणी त्या बेताने करतो. परीक्षणाकडेही आपण त्याच दृष्टीने पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.