माणसाचा मेंदू शिकण्याने घडतो
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही आजचा विषय मांडत आहोत.

माणसाचा मेंदू आणि जनावराचा मेंदू, यांत फरक काय? आपण पटकन सांगतो, माणसाचा मेंदू मोठा. पण तसे नाही. आपला मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरतो, हत्तीचा साडेचार किलोच्या आसपास. नुसत्या वजनावर अक्कल ठरली असती, तर शाळेत हत्तीच मास्तर झाला असता!

मग पेशी मोजून बघू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. हत्तीच्या मेंदूत त्याच्या तिप्पट, पण त्यांतल्या बहुतेक सगळ्या मागच्या लहान मेंदूत. भाषा, विचार, पुढचा बेत ही कामे मुख्यतः मोठ्या मेंदूच्या वरच्या थरात चालतात. त्या थरात हत्तीच्या पेशी सुमारे ५६० कोटी आणि आपल्या सुमारे १,६०० कोटी. तरी एवढ्यावर भागत नाही. समुद्रातल्या एका मोठ्या डॉल्फिनच्या या थरात आपल्याहूनही जास्त पेशी आढळल्या आहेत.

मोठा फरक आहे तो मेंदू घडतो कसा, यात. गाईचे वासरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहते. आपल्या लेकराला चालायला वर्ष लागते. जन्मताना त्याचा मेंदू मोठेपणीच्या मेंदूच्या साधारण पाव हिस्सा असतो. बाकीचा वाढतो तो माणसांत आल्यावर. आईचे बोलणे, आजीची गोष्ट, शाळेतला धडा यांनी पेशी-पेशींत धागे जुळतात. वापरातले धागे पक्के होतात, न वापरलेले गळतात. हे काम वयाच्या पंचविशीपर्यंत चालू राहते.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात बिबट्या दिसला की वानर ओरडून कळपाला सावध करते. तो इशारा समोरच्या बिबट्याचा. पण ‘परवा ओढ्याकाठी बिबट्या होता, उद्या तिकडे गुरे नेऊ नका,’ हे माणूसच सांगू शकतो. काल घडलेले आणि उद्या घडायचे, दोन्ही तो शब्दांत बांधतो. म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वीचा बुद्धांचा उपदेश आज आपल्या कानी पडतो.

आता विचार करा, ज्याचा मेंदू शिकण्यानेच घडायचा, त्याला शिकूच दिले नाही तर? आपल्या पूर्वजांवर पिढ्यान्‌पिढ्या हाच अन्याय झाला. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या चवदार तळ्यावर गुरांना पाण्याची मनाई नव्हती, आपल्या माणसांना होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले, ते आपण माणूस आहोत हे ठसवण्यासाठी.

भगवान बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात हेच समजावले आहे. गवत, किडामुंगी, पशू, पक्षी यांच्यात जन्माने वेगवेगळ्या जाती दिसतात, माणसा-माणसांत तसा भेद नाही. आजचे शास्त्रही तेच सांगते. मेंदू तपासून कोणाही डॉक्टरला माणसाची जात सांगता येणार नाही.

पण म्हणून जनावराला हीन लेखू नये. वाटेवरून आपसूक गोठ्याकडे वळणाऱ्या बैलालाही आठवण आहे, वेदना आहे. पंचशीलातले पहिले शील त्याच्यासाठीही आहे.

शेवटी, आपल्या हातात काय आहे? तान्ह्या लेकराशी भरपूर बोला. त्याला कळत नाही असे समजू नका. भाताच्या लावणीला मनुष्यबळ हवे म्हणून मुलांची शाळा बुडवू नका, आणि मुलीची शाळा आठवी-नववीत सोडवू नका. तिचा मेंदू अजून घडतोय. पाचवे शील पोरांना समजावून सांगा. वाढत्या मेंदूवर दारू घाव घालते, जुळणारे धागे बिघडवते. आणि विहारात वंदना झाली की अर्धा तास मुलांना वाचायला बसवा. त्यांनी ‘असे का?’ म्हणून विचारले तर गप्प बसवू नका. वासराला हा प्रश्न पडत नाही, लेकराला पडतो. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, त्याची सुरुवात तिथूनच होते.

नमो बुद्धाय! जय भीम!